घाटावरची रानवाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील काशीयात्रेत, अहिल्याबाई घाटावर जमलेल्या सभासदांपुढे केलेले भाषण)



परमुलखात पन्नास वर्षे एखादे मंडळ चालविणे हे सोपे काम नव्हे. गणपती बसतो, कोजागरीचे दूध आटते, नाटकाच्या तालमी होतात आणि खुर्च्या उचलावयास मात्र नेहमी तेच चार हात पुढे येतात. अशा चार-चार हातांच्या बळावर आपण अर्धशतक गाठलेत आणि त्याचा आनंद साजरा करण्यासाठी काशीस आलात, याबद्दल इथल्या मराठी मंडळींच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो.

आपल्या कार्यवाहांनी मला पत्रात लिहिले होते की, उद्या पहाटे सर्वांना घाटाघाटाने अस्सीपर्यंत पायी जावयाचे आहे. मंडळींत सत्तरी ओलांडलेली आजोबा-आजी मंडळी आहेत आणि सातआठ वर्षांची नातवंडेही आहेत. तेव्हा वाटेत काय पाहावे ते सांगा. देवळांविषयी आणि तीर्थांविषयी आपल्याला उपाध्येबुवा सांगतील, आणि ते माझ्याहून पुष्कळ चांगले सांगतील. मी बोलणार आहे ते या वाटेवर राहणाऱ्या, पण यात्रेकरूंच्या यादीत सहसा न येणाऱ्या रहिवाशांविषयी. म्हणजे पशुपक्षी, जलचर आणि दोनचार झाडे यांच्याविषयी.

घाटावर कसले आले आहे रान, असे आपल्या मनात येईल. परंतु काशीचे एक जुने नावच ‘आनंदवन’ असे आहे. आज जिथे गल्ल्यांमागून गल्ल्या दिसतात, तिथे एके काळी झाडी, तळी आणि ओढे होते. इथून हाकेच्या अंतरावर गोदौलिया नावाचा गजबजलेला चौक आहे. पूर्वी पावसाळ्यात या भागातून ‘गोदावरी’ नावाचा ओढा वाहत येऊन गंगेस मिळत असे आणि त्यावरूनच चौकाचे हे नाव पडले, असे सांगतात. पैठण-नाशिकच्या माणसाला आपली नदी काशीत भेटावी, आणि तीही रस्त्याखाली गाडलेली, ही गोष्ट मला नेहमी चटका लावते. पुढे तळी बुजली, झाडी गेली. परंतु रान नाहीसे झाले नाही. ते नदीत, भिंतींच्या भोकांत आणि पलीकडच्या वाळवंटात सरकून राहिले. उद्याची आपली वाट त्याच्या काठाकाठाने जाते.

वाट अगदी सुगम आहे. इथून दक्षिणेकडे अस्सीपर्यंत दोन-अडीच किलोमीटर अंतर भरेल. चढण अशी नाही. मात्र पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, तेव्हा वयस्करांनी वरच्या पायऱ्या धराव्यात. पावसाळ्यात पुराचे पाणी घाट चढते आणि ही वाट बंद होते. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत उत्तम. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे आणि गाव तिच्या पश्चिम काठावर वसले आहे. त्यामुळे सूर्य समोर, नदीच्या पलीकडून वर येतो. पाण्यावर काही हालले तर ते त्या कोवळ्या उजेडात चटकन दिसते. एवढेच करा : वीस पावले चाला, एक मिनिट थांबा, आणि त्या मिनिटात बोलू नका. हे शेवटचे पथ्य मराठी माणसाला थोडे जड जाईल, हे मी जाणतो.

आरंभ या घाटापासूनच करू. पूर्वी केवलगिरी घाट म्हणून ओळखला जाणारा हा घाट इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांनी बांधविला. १७८० मध्ये विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे करणाऱ्या याच त्या पुण्यश्लोक. त्यांच्या देवळांविषयी, घाटांविषयी आणि धर्मशाळांविषयी आपण लहानपणापासून ऐकले आहे. त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात ती नोंदविली आहे. महेश्वरच्या परिसरात भर उन्हात नांगर ओढणाऱ्या बैलांना थांबवून बाईंचा नोकर पाणी पाजीत असे. नदीतील माशांना अन्न घातले जाई. आणि पाखरांसाठी तर बाईंनी शेते विकत घेतली होती. शेतकरी आपल्या पिकावरून पाखरे हाकलतो ते रास्तच आहे, कारण त्याचे पोट त्यावर आहे. पण मग त्या पाखरांनी जावे कोठे, असा विचार करून बाईंनी त्यांच्यासाठी वेगळी शेते राखली.

बंधुभगिनींनो, यात नुसती भूतदया नाही, राज्यकर्तीची नजर आहे. माणसाचा हक्कही खरा आणि पाखराची भूकही खरी, हे दोन्ही मान्य करून तिने मधला मार्ग काढला. अशा बाईच्या घाटावरून पाखरांकडे न पाहता जाणे मला तरी अप्रशस्त वाटते.

आता वर पाहा. या घाटावरच्या आणि शेजारच्या मुन्शी आणि दरभंगा घाटांवरच्या उंच दगडी भिंतींत लहानमोठी भोके आहेत. त्यांत पोपट राहतात, कबुतरे राहतात. कमानींच्या आढ्याला पिसांची घरटी चिकटवून पाकोळ्या राहतात. पाकोळीचे पाय इतके आखूड असतात की तिला जमिनीवर धड चालता येत नाही. तिचे सारे आयुष्य हवेत जाते. तिच्या दृष्टीने हा राजवाडा म्हणजे एक उंच कडा आहे. सह्याद्रीच्या कड्यात आणि या भिंतीत ती भेद करीत नाही.

पायऱ्यांवर आपल्याला साळुंकी दिसेल. पण जरा थांबा आणि तिच्या डोळ्याभोवतीची कातडी पाहा. पिवळी असेल तर ती आपली घरची साळुंकी. तांबूस नारिंगी असेल आणि अंग राखाडी असेल, तर ती गंगा मैना. नदीच्या दरडीत आणि भिंतीच्या भोकात घर करणारी, उत्तरेकडच्या नदीकाठांची रहिवासी. दोघी एकाच पायरीवर दाणे टिपीत असतात. माकडांचेही तसेच. आपल्याकडचे माकड लांब शेपटीचे आणि डोक्यावर केसांचा भोवरा असलेले. इथले आखूड शेपटीचे आणि तांबड्या तोंडाचे. या दोन जातींच्या मुलखांची सीमा साधारणपणे तापी आणि गोदावरी यांच्या आसपास मानली जाते. खारीचेही पाहा. रामाची बोटे उमटलेली तीन पट्ट्यांची खार मुख्यत्वे दक्षिणेकडची. इथल्या खारीच्या पाठीवर पाच पट्टे असतात. पाच बोटांनी कुरवाळल्याचा मान अयोध्येच्या शेजारणीला मिळाला, असे म्हणून आपण समाधान मानू.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. घर सोडून दूर राहणाऱ्या माणसाची एक सवय असते. तो नव्या गावात जुन्यासारखे काय आहे ते शोधतो, आणि सापडले की तिथेच थांबतो. साळुंकी दिसली, बरे वाटले, पुढे गेला. ती साळुंकी नसून तिची चुलत बहीण आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. गाव खऱ्या अर्थाने आपले होते ते सारखेपणाच्या पुढे जाऊन तिथला वेगळेपणा ओळखू लागल्यावर.

राजा घाटाशी आपण आलो, की पेशव्यांच्या घराण्यातील अमृतरावांची आठवण होईल. तो घाट त्यांचा. त्याच्या पुढे, केदार घाटाच्या अलीकडे, चौकी घाट लागतो. तिथे एक मोठा पिंपळ आहे आणि त्याच्या बुंध्याशी दगडी नागांच्या मूर्ती रचून ठेविलेल्या आहेत. लोक हळदकुंकू वाहतात आणि पुढे जातात. आपण मिनिटभर वर पाहा. पिंपळाची फळे पिकली असतील तर त्या एका झाडावर अनेक जातींची पाखरे दिसतील. याच पाखरांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी घाटांच्या भिंतींत पडते, दगडाच्या सांध्यात रुजते, आणि पुढे मूळ जाड झाले की चिरेबंदी भिंत उकलते. आनंदवन आपली जागा परत मागत असते, असे मला कधीकधी वाटते.

आता पाण्याकडे वळू. काठीवर किंवा नावेच्या टोकावर पंख पसरून बसलेला काळा पक्षी म्हणजे पाणकावळा. याची पिसे भिजतात म्हणूनच तो खोल बुडी मारू शकतो. आणि भिजतात म्हणूनच त्याला ती उन्हात वाळवावी लागतात. पाण्यावर हवेत एका जागी पंख फडफडवीत थांबलेला, काळापांढरा, तो कवड्या खंड्या. पायरीच्या कडेला शेपटी वरखाली हालवीत पळणारा करड्या-पांढऱ्या रंगाचा लहान पक्षी म्हणजे धोबी. हा हिवाळ्यापुरता उत्तरेकडून येतो आणि नाव सार्थ करण्यासाठी बरोबर धुण्याच्या दगडांवर उतरतो. पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यांवर, गर्दीपासून दूर, केशरी रंगाच्या बदकांची जोडपी उतरतात. संस्कृत कवींनी रात्रीच्या विरहासाठी ज्यांची नेमणूक केली, तेच हे चक्रवाक.

आणि कुरव. मुलांना हे सर्वांत आवडतील. पांढरेशुभ्र, शेकड्यांनी नावांभोवती घिरट्या घालणारे. इथले लोक त्यांना सरसकट ‘साइबेरियन’ म्हणतात. त्यांतील तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर वाढलेले असतात. नावाडी शेवेची पुडी विकतात, यात्रेकरू ती उधळतात, कुरव झेपावतात आणि छायाचित्र उत्तम येते. माझी हात जोडून विनंती आहे की, उद्या शेव उधळू नये. तळलेले, मिठाचे पीठ हे त्यांचे अन्न नव्हे. हिमालय ओलांडून आलेल्या या पाहुण्याला परत त्याच वाटेने जावयाचे असते. त्याचे खाणे नदीत आहे, ते त्याला शोधू द्यावे.

आता जिच्यासाठी मी आपला इतका वेळ घेतला, तिच्याकडे येतो. तिचे नाव सूंस. गंगेतील गोड्या पाण्याची डॉल्फिन. संस्कृतात शिशुमार. या एका शब्दाची हिंदीत सूंस झाली आणि मराठीत सुसर झाली; म्हणजे आपण शब्द ठेविला आणि प्राणी बदलला, कारण आपल्या नद्यांत सूंस नव्हती, मगर होती. सूंस मासा नव्हे. ती सस्तन आहे. पिल्लाला दूध पाजते, आणि श्वासासाठी तिला मिनिटा-दोन मिनिटांनी पाण्याबाहेर यावेच लागते. लांब चिमट्यासारखे तोंड, करडी पाठ, एक ‘फुस्स’ असा आवाज, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पाणी पूर्ववत. तिच्या डोळ्यांना भिंगच नाही. उजेड आणि अंधार एवढेच तिला कळते. गढूळ पाण्यात ती आवाज सोडते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा कोठे, जाळे कोठे, किनारा कोठे हे ओळखते. ती कानांनी पाहते.

अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरविलेल्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे. तीत ‘गंगापुपुटक’ असा एक जलचर आहे; तो म्हणजे ही सूंसच, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे हिला अभय देणारा राजशासनाचा शब्द दोन हजार वर्षांहून जुना आहे. तरीही तेलासाठी ती मारली गेली, जाळ्यांत गुदमरली. धरणांनी आणि बंधाऱ्यांनी तिची वस्ती तुकड्यातुकड्यांत तोडली. शहरांची घाण तिच्या पाण्यात आली. आणि आता यंत्रनावांच्या आवाजाने, जी कानांनीच पाहते तिच्या दृष्टीवरच घाला पडतो. एका वेळी एकच पिल्लू, तेही दोन-तीन वर्षांनी. त्यामुळे गेलेली संख्या लवकर भरून येत नाही. २००९ मध्ये तिला राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. देशभरातील पहिल्या मोठ्या गणनेचे आकडे मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले : आठ राज्यांतील अठ्ठावीस नद्या धुंडाळून नदीतील डॉल्फिनांची एकंदर संख्या ६,३२७ भरली, त्यांपैकी २,३९७ उत्तर प्रदेशात. गंगेपासून ब्रह्मपुत्रेपर्यंतच्या एवढ्या अफाट पाण्यात हा आकडा एखाद्या मध्यम खेड्याच्या लोकसंख्येएवढा आहे.

उद्या ती घाटांसमोर दिसेल असे वचन मी देत नाही. ज्यांना सवड असेल त्यांनी काशीच्या खाली, कैथीच्या बाजूला, गोमती गंगेस मिळते त्या भागात जावे. संगमावर पाण्याला भोवरे पडतात, मासे गोळा होतात, आणि माशांमागून सूंस येते. नाव थांबवून यंत्र बंद करावयास सांगावे आणि स्वस्थ बसावे.

सूंस राहते त्या पाण्यात कासवेही आहेत, आणि त्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. या घाटाला जवळजवळ लागूनच असलेल्या राजेंद्रप्रसाद घाटावर जून १९८६ मध्ये गंगा शुद्धीकरणाच्या योजनेचा प्रारंभ झाला. त्या योजनेत माणसांबरोबर कासवांनाही काम दिले होते. चंबळेकडून अंडी आणावयाची, सारनाथच्या केंद्रात उबवावयाची, आणि मऊ पाठीची ती कासवे गंगेत सोडावयाची. अर्धवट जळालेले अवशेष ती खातात आणि पाणी स्वच्छ राखण्यास मदत करतात, असा हिशेब. त्यासाठी रामनगरच्या किल्ल्यापासून राजघाटच्या मालवीय पुलापर्यंत सात किलोमीटरचे कासवांचे अभयारण्य १९८९ मध्ये जाहीर झाले. आपण बसलो आहोत त्या घाटासमोरचे पाणीही त्यातच होते. २०२० मध्ये हे अभयारण्य इथून उठले, आणि प्रयागराज, मिर्झापूर व भदोही या जिल्ह्यांतील तीस किलोमीटरच्या पट्ट्यात नवे जाहीर झाले. कासवांना मात्र ही अधिसूचना वाचता येत नाही. नळीसारखे नाकाचे टोक पाण्याबाहेर काढून श्वास घेणारे एखादे कासव उद्याही आपल्याला दिसू शकेल. तीस वर्षे आपण अभयारण्यात स्नान करीत होतो, हे घाटावर रोज येणाऱ्या कितीजणांना ठाऊक होते, हा प्रश्न मात्र मला टोचतो.

जे कोणी ओळखीत नाही, ते जाताना कोणाला दिसत नाही. याचे आणखी एक उदाहरण इथून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. विंध्याच्या डोंगरात चंद्रप्रभा नावाचे अभयारण्य आहे. राजदरी आणि देवदरी हे धबधबे तिथेच आहेत. खरी अरण्यातील पायवाट ज्यांना हवी असेल त्यांनी तिथे अवश्य जावे. १९५७ मध्ये गीरमधून एक सिंह आणि दोन सिंहिणी आणून तिथे सोडल्या. १९६५ पर्यंत त्यांची संख्या अकरा झाली. पुढे ते सर्व नाहीसे झाले. शिकार किंवा विषप्रयोग झाला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. जंगल होते, पाणी होते, भक्ष्य होते. पण आसपासच्या गावांना हे नवे शेजारी आपले वाटले नव्हते. परक्या मुलखात नुसते जाऊन राहिल्याने मूळ धरले जात नाही, ओळख दोन्ही बाजूंनी व्हावी लागते. हे मी आपल्यासारख्यांना वेगळे सांगावयास नको.

म्हणून आता एक सूचना मांडतो. आपल्या मुलांना आपण मराठी शब्द शिकवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु पुष्कळदा ते शब्द त्यांनी न पाहिलेल्या मुलखाचे असतात. ज्या गावात ती वाढत आहेत तिथल्या झाडापाखरांना मराठीत काय म्हणावे, हे त्यांना कोणी सांगत नाही. आणि तिथले लोक काय म्हणतात, हेही ती विचारीत नाहीत. मग मराठी ही फक्त सणाची भाषा उरते. तिला दारातल्या पाखराची भाषा करा. महिन्यातून एका रविवारी मंडळाने आपल्या गावातील एखाद्या सोप्या रानवाटेने, तळ्याकाठाने, बागेतून तासभर चालावे. आजोबांनी मराठी नाव सांगावे, मुलांनी तिथले नाव शोधून आणावे, आणि दोन्ही एका वहीत लिहावीत. मारुती चितमपल्ली यांनी उभे आयुष्य रानात काढून पाखरांची आणि झाडांची किती नावे मराठीत आणली! २०२५ मध्ये ते गेले. पण त्यांनी घालून दिलेली वाट मोडलेली नाही. अशी वही दहा वर्षे चालली, तर आपल्या गावातून कोणते पाखरू येईनासे झाले हे पहिल्यांदा आपल्या मंडळाला कळेल. आणि ज्याला कळते, त्यालाच बोलता येते.

ही रीत आपल्याला नवी नाही. नाथमहाराजांनी आपले एकनाथी भागवत १५७३ मध्ये याच काशीत पूर्ण केले. त्यात अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंची कथा आहे. त्या चोविसांपैकी अकरा गुरू हे प्राणी आहेत : कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, कुरर, सर्प, कोळी आणि कुंभारीण माशी. हिमालयातला कोणी सिद्धपुरुष शोधीत तो अवधूत गेला नाही. चालता चालता जे भेटले त्याकडे त्याने लक्ष दिले आणि त्याला नमस्कार केला. पैठणहून इथे आलेल्या एका मराठी माणसाने, घरापासून इतक्या दूर, हे आपल्या भाषेत सांगितले. त्या अकरांपैकी कपोत, पतंग, मासा आणि कोळी हे चौघे तरी उद्या सकाळी या पायऱ्यांवर आपल्याला नक्की भेटतील.

आपला अधिक वेळ घेत नाही. उद्या पहाटे साडेपाच वाजता इथेच जमावे, गरम कपडे घालावेत, पाण्याची बाटली ज्याने आणली त्याने ती परत न्यावी, आणि ज्यांच्याजवळ वही असेल त्यांनी ती अवश्य आणावी. आपल्या मंडळास दीर्घायुष्य लाभो, अशी विश्वेश्वराचरणी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.